मदत आणि देणं

‘आपल्याकडे नाती आहेत, आपल्याला पाश्चात्त्यांसारख्या योजना कशाला हव्यात?’ हे वाक्य बालसंरक्षणावरच्या परिसंवादात हटकून येतं आणि टाळी घेऊन जातं. पाठोपाठ दुसरा वक्ता सांगतो की संस्था बंद करा, मूल कुटुंबात वाढू द्या. त्यालाही टाळी पडते. पण ज्या कुटुंबावर हे दोघे विसंबतात ते नेमकं कोण, हे दोघेही विचारत नाहीत. ते कुटुंब म्हणजे बहुधा साठी उलटलेली आजी, मजुरीला जाणारी मावशी, नाहीतर शिक्षण सोडून कामाला लागलेली थोरली बहीण. महाराष्ट्राला अनाथ मुलांसाठी बांधलेल्या इमारती ठाऊक आहेत. फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह, पंढरपूरचा बालकाश्रम, पंडिता रमाबाईंचं मुक्तिसदन हे सगळं आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो. नात्यागोत्याने टाकलेल्यांसाठी ती घरं होती, त्यामुळे त्यांचा मान रास्तच आहे. नात्याने ज्यांना धरून ठेवलं, त्यांच्या घरावर मात्र देणगीदाराची पाटी लागत नाही.

२०१५चा बाल न्याय कायदा म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. त्याच कायद्यात ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या दत्तकाच्या संदर्भात केलेली आहे. तीत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात, सज्ञान थोरली बहीण येत नाही. दत्तकापुरतं ते समजूही शकतं. पण मूल दत्तक न घेता नुसतं वाढवणाऱ्याला कायद्याने असं ठसठशीत नाव दिलेलं नाही. अशा मुलांच्या सांभाळासाठी दरमहा पैसे देणारी आपली बालसंगोपन योजना १९७५पासूनची, म्हणजे या बाबतीत राज्य पुढेच होतं. पण अनेक वर्षं तिची रक्कम महिना ४२५ रुपये राहिली, २०२१मध्ये ती ११०० झाली, २०२३मध्ये २२५०. दिवसाला पंचाहत्तर रुपये. एक पालक हयात असलेली मुलंही योजनेत येतात, यायलाच हवीत. पण विधवा आई आणि पुतण्याला सांभाळणारी काकू एकाच अर्जात बसवल्या, की काकूने मुद्दाम उचललेला भार कागदावर उरत नाही. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. ती मुलाच्या उद्याची सोय झाली. आजच्या भाजी-भाकरीला ती मोडता येत नाही.

सगळं दत्तकानेच सुटेल म्हणणाऱ्यांना उत्तर एका ओळीत देता येतं: ज्याला आजी आहे, त्याला आजी हवी असते. निकराने खोडायला हवा तो दुसरा आक्षेप, कारण तो सात्त्विक दिसतो. ‘मायेला पैसे लावले की नातं बाजारू होतं, आज भाच्याला सांभाळायचे पैसे, उद्या आईला सांभाळायचे.’ या युक्तिवादाचा मला राग येतो तो त्याच्या निवडकपणामुळे. निरीक्षणगृहातल्या अधीक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याची आस्था बाजारू ठरत नाही. परक्या कुटुंबाने प्रतिपालन केलं तर त्यालाही साहाय्य देता येतं, तिथे कुणाच्या पोटात दुखत नाही. फुकट राबण्याचं पावित्र्य तेवढं आजीच्या वाट्याला येतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने असाच फरक केला होता: परक्या घराला जास्त रक्कम, सख्ख्या बहिणीच्या घराला कमी. १९७९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याने तिथली नाती बुडाली असं ऐकिवात नाही. आणि पैशाच्या लोभाने लोक मुलं ठेवून घेतील म्हणावं, तर पंचाहत्तर रुपयांत एका वाढत्या मुलाचं दूध, वह्या आणि एसटीचा पास बसवून दाखवावा. लोभालाही थोडं गणित लागतंच.

नात्यातही मुलं मार खातात, राबवली जातात, त्याहून वाईटही घडतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. तो उडवून लावणारा बालहक्कवाला माझ्या मते बेजबाबदार आहे. पण त्याचं उत्तर शोधताना मी ज्या भेदावर अडून बसतो, तिथेच येतो: मदत आणि देणं. मदत उशिरा येते, देणं थकतं. महागाई भत्ता जाहीर व्हायला उशीर झाला तर तो फरकासह मिळतो, कारण ते देणं आहे. ४२५चे ११०० झाले तेव्हा मधल्या महागाईचा फरक मागण्याची कल्पनाही कुणाला सुचली नाही, कारण ती मदत होती. मदत देणारा पात्रता तपासतो. म्हणून अर्जाला रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मृत्यूचा दाखला आणि घरासमोर पालकासोबत उभं राहून काढलेला मुलाचा फोटो लागतो. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० आहेत, पण ग्रामीण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ७२ हजारांच्या वर गेलं की तेही नाहीत. जणू आजोबांनी दोन शेळ्या जास्त विकल्या, की मूल अनाथ राहत नाही. सरकारने हे देणं मानलं, तर मोजायची गोष्टच बदलेल. स्वतःच्या अंगावरचं काम आपण दुसऱ्याकडून करून घेतो आहोत, हे एकदा कबूल केलं की ते काम कसं चाललंय हे विचारायचा हक्क आणि बोजा दोन्ही आले. मग भेटीला येणारा कार्यकर्ता दाखल्याची तारीख बघून परतणार नाही. मूल कुठे झोपतं, शाळेतून आल्यावर घरात कोण असतं, आजीचे गुडघे अजून साथ देतात का, हे त्याला लिहून आणावं लागेल. घरासमोरच्या त्या फोटोत घराचं दार बहुधा बंदच असतं.