वर्षावास : पाण्याशी, माणसांशी आणि मनाशी नाते



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, भिक्खूंना भोजनदान होते, खीरदान होते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु वर्षावास मुळात का सुरू झाला, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारतो काय?

विनयपिटकात त्याची हकीकत आली आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना भिक्खू बारमाही चारिका करीत. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असा भेद नव्हता. तेव्हा लोक कुरकुर करू लागले. पावसाळ्यात पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून स्थिर राहतात. हे श्रमण मात्र नुकते उगवलेले हिरवे गवत तुडवितात, लहानसहान जीव पायाखाली चिरडतात, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार करणारे साधे गृहस्थ होते. पण आम्हाला शिकविणारे तुम्ही कोण, असे तथागतांनी म्हटले नाही. त्यांनी तक्रार ऐकली आणि नियम घालून दिला की, भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे.

या एका नियमाने काय साधले ते पहा. धावणारा माणूस थांबला. तो थांबल्यामुळे गवत आणि जीव वाचले. आणि एका छपराखाली राहिल्यामुळे माणसे एकमेकांच्या सुखदुःखाची वाटेकरी झाली. मन, निसर्ग आणि समाज या तिघांची दुरुस्ती एकदमच होते, एकाला सोडून दुसऱ्याची होत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

निसर्ग कोणाचा?

'निसर्गाकडे परत चला', 'खेड्याकडे परत चला' असे पुष्कळ ऐकू येते. ऐकताना आपण आपल्या आजोबा-पणजोबांचे खेडे आठवावे. त्या खेड्यात नदी होती. पण वरचा पाणवठा त्यांचा आणि खालचा आपला. विहीर होती, पण तिच्या दोराला हात लावण्याची मुभा नव्हती. ओंजळ पुढे करून उभे राहायचे आणि कोणी वरून ओतील तर प्यायचे. रानमाळ होता, आपल्या वाट्याला त्यावर मेलेले ढोर ओढून नेणे होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. ज्या तळ्यावर गुरेढोरे जात होती ते तळे माणसांच्या स्पर्शाने बाटले म्हणून शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करण्यात आले. त्या पाण्यावरील आपला हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गोडव्यांवर कठोर टीका केली. त्या खेड्याकडे आपल्याला परत जावयाचे नाही.

मग निसर्ग आपला नव्हे काय? आहे, इतरांइतकाच आपला आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणते दिले आहे? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याने घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघ युद्धाला निघाला. सिद्धार्थाने सुचविले की, आपली दोन माणसे निवडू, कोलीयांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. बहुमताने ते मानले नाही आणि सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. म्हणजे पाण्याची न्याय्य वाटणी हा प्रश्न धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे. ज्या बाबासाहेबांना शाळेत तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी मिळे, तेच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या नदीयोजनांची पायाभरणी करीत होते. पाणी सर्वांचे, ही शिकवण त्यांनी स्वतःच्या तहानेतून घेतली होती.

तेव्हा आपण निसर्गाकडे जाऊ, पण समतेच्या वाटेने जाऊ.

चीवराची गोष्ट

आता साध्या राहणीविषयी बोलू. विनयपिटकातच दुसरी एक हकीकत आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली. एवढ्या चीवरांचे हा श्रमण काय करणार? दुकान मांडणार आहे काय? त्याने आनंदांना विचारले. आनंद म्हणाले की, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटू. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बैठक. त्यानंतर पायपुसणे, त्यानंतर धूळ झटकण्याचे फडके, आणि फडकेही फाटले की त्याच्या चिंध्या चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजाने हे ऐकले आणि आणखी पाचशे चीवरे दिली.

आपल्या आई-आजींना हे नवीन नाही. फाटक्या लुगड्याची वाकळ त्यांनीच शिवली. पण त्यात एक भेद आहे, तो विसरू नका. त्या वाकळी नाइलाजाच्या होत्या. तथागतांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे. गरिबीला साधेपणा म्हणून गोंजारणे ही लबाडी आहे. आनंदांपाशी पाचशे चीवरे होती. तरीही त्यांनी एक धागा वाया घालविला नाही आणि आधी गरजू भिक्खू पाहिला. हा साधेपणा स्वतंत्र माणसाचा आहे.

आज आपल्यात चार पैसे आले. ते शिक्षणाने आणि संघर्षाने आले. परंतु लग्नात मंडपासाठी कर्ज काढणे, जयंतीला ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करणे, यात आपण कोणाची नक्कल करतो? आणि मिरवणूक पुढे गेल्यावर रस्त्यावर पत्रावळी, पेले, बाटल्यांचा जो ढीग पडतो, तो पहाटे उचलायला कोण येतो? आपलाच भाऊ, आपलीच बहीण येते. ज्या समाजाने घाण करणारा एक आणि काढणारा दुसरा अशी विभागणी केली, त्याच्याविरुद्ध आपण बंड केले. मग आपला कचरा दुसऱ्याने उचलावा असे आपण कसे म्हणावे? हिरवळीवर आणि पाण्यात थुंकू नये, मलमूत्र टाकू नये, असा भिक्खूंना नियम आहे. पाणी गाळण्याचे फडके हे भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक आहे. स्वच्छता ही तेथे प्रत्येकाची जबाबदारी आहे. कोणा एका जातीची नाही.

आजाऱ्याची सेवा

आता मनाकडे येऊ. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदांसह फिरत फिरत तेथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी करीत नाही. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदांनी पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी संघाला एकत्र करून समजावले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

'काही उपयोगी पडत नाही' हे वाक्य आपल्या वस्तीत किती घरांतून ऐकू येते! माझ्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. कोकणातील एका बौद्धवाडीत एक काका आहेत. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली. पुढे मिळेल ते काम केले आणि म्हातारपणी गावी परतले. पत्नी वारली, मुले मुंबईत. काका घराबाहेर पडेनात. बाटली तेवढी सोबतीला राहिली. एका उन्हाळ्यात वाडीतील तरुण विहीर उपसायला उतरले. गाळ निघेना, झरा सापडेना. कोणीतरी म्हणाले, लहानपणी काका या विहिरीत उतरत असत. त्यांना बोलावून आणले. ते काठावर बसले आणि बोट दाखवून म्हणाले, त्या काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला खणा. तेथे झरा मोकळा झाला.

त्या पावसाळ्यात काका रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला येऊन बसू लागले. विहाराभोवती लावलेल्या रोपांची देखभाल त्यांनी आपणहून घेतली. दारू एका दिवसात सुटली नाही. मध्ये दोनदा पाय घसरला. दोन्ही वेळा तरुणांनी त्यांना दवाखान्यात नेले, डॉक्टरांची औषधे चालू केली आणि संध्याकाळी पुन्हा हाताला धरून विहारात आणले. कोणी अंगारा लावला नाही, कोणी टोमणा मारला नाही. आश्विन पौर्णिमेला काका एवढेच म्हणाले, "मी कोणाच्या तरी उपयोगी पडलो." ज्या दुःखाने भिक्खूला घाणीत निजविले होते, त्याच दुःखावर हा उपाय होता.

तीन महिन्यांचे काम

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. माझ्यात कोणता दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तुम्हाला शंका आली, तो मला सांगा, अशी एकमेकांना विनंती करतात. आपणही या तीन महिन्यांचा असा हिशोब ठेवू. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील एक पाणवठा, विहीर किंवा छपरावरचे पाणी साठविण्याची एक टाकी हाती घ्यावी. प्रत्येक घराने एक झाड जगवावे. नुसते लावून छायाचित्र काढू नये. कार्यक्रमानंतरचा कचरा कार्यक्रम करणाऱ्यांनीच उचलावा. आणि आठवड्यातून एकदा, जो कोणाकडे जात नाही आणि ज्याच्याकडे कोणी येत नाही, अशा एका माणसाचे दार वाजवावे.

हे काही अवघड नाही. मुंबईजवळ कान्हेरीला जाऊन पहा. शंभरावर लेणी आहेत आणि डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी पन्हळींतून दगडी टाक्यांत उतरते. त्या टाक्यांना लेखांत पोढी म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी एक पोढी दान दिल्याचे तेथे कोरलेले आहे. सम्राट अशोकांनीही माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली, हे गिरनारच्या शिलालेखात वाचावयास मिळते. राजाने राजाइतके केले, सोनाराने सोनाराइतके केले. आपण आपल्याइतके करू.

ज्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या वाडवडिलांनी मार खाल्ला, ते पाणी स्वच्छ राखणे आणि सर्वांना मोकळे ठेवणे हे आता आपले काम आहे. दोर आता आपल्या हातात आहे. तो ओढताना ओंजळ पुढे करून कोणी उभे आहे काय, एवढे पहा.

भवतु सब्ब मंगलं!
नमो बुद्धाय! जयभीम!