नुकसान परवडतंय

त्या व्हिडिओमागचं गिटार आधी बंद करा, मग बोलू. कुठल्याही गोष्टीला पार्श्वसंगीत लावलं की ती बरी दिसू लागते, हे ज्याने शोधून काढलं त्याचा मी कायमचा शत्रू आहे. टेक्सासच्या शेतावर हेलिकॉप्टर झेपावतंय, खाली डुकरांचा कळप जिवाच्या आकांताने पळतोय, दारातून पाय बाहेर सोडून बसलेला कुणी हौशी साहेब गोळ्या झाडतोय, आणि वर गिटार. आठवडाभर हा प्रकार सगळ्यांच्या ग्रुपवर फिरला. निम्म्यांनी 'बिचारी डुकरं' म्हटलं, उरलेल्यांनी 'कडक!' म्हटलं. मी दोन्हीकडे नाही. माझं डोकं फिरलं ते पुढच्या भागाने. हॅटवाला जमीनमालक, मागे नांगरल्यासारखं उकरलेलं शेत. डुकरांनी आपल्याला कसं बुडवलं हे तो गळा दाटून सांगतो, सरकार हातावर हात ठेवून बसलंय म्हणतो, आणि दुसऱ्याच मिनिटाला हेलिकॉप्टरमधल्या जागेचा भाव सांगतो. हजारांत, डॉलरमध्ये. बंदुकीचं भाडं निराळं.

डुकरांचा त्रास खोटा आहे असं कुणी म्हणू नये. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषिविस्तार सेवेचा अंदाज धरला तर त्या राज्यात २६ लाखांच्या आसपास डुकरं मोकाट आहेत. २५४ काउंट्यांपैकी एल पासो सोडली तर जवळजवळ सगळीकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याने देशभरातलं नुकसान आणि बंदोबस्ताचा खर्च मिळून वर्षाला दीड अब्ज डॉलरचा आकडा बरीच वर्षं सांगितला. पण आकडे सोडा. मका पेरला त्या रात्री कळप शेतात शिरतो आणि पेरणीच्या ओळीवरून, नाकाड खुपसत, दाणा वेचत जातो. एक ओळ संपली की वळून दुसरी. पेरणीयंत्र गेलं त्याच सरळ रेषेत. सकाळी शेतकऱ्याला दिसते ती खड्ड्यांची शिस्तबद्ध रांग. हे ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या हातात बंदूक दिसली, तर त्याला अहिंसेचं प्रवचन मी तरी देणार नाही.

पण मग शेजारच्या गावातल्या पोराला त्याने फुकट का येऊ देऊ नये?

पोरगा विचारतोच. टेक्सासची ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी. शिकार करायची तर कुणाच्या तरी फाटकाशी जाऊन उभं राहावं लागतं. २०१९ पासून तिथे खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही, मालकाचं 'हो' पुरतं. बंदूक याची, गोळ्या याच्या, पेट्रोल याचं, रात्रभर डासांत बसायची तयारी याची, मेलेलं डुक्कर ओढून नेणार तोही हाच. आणि फाटकावर ऐकायला मिळतं: रात्रीचे इतके, शनिवार-रविवारचे तितके, मोठा सुळेवाला नर पडला तर वरचे निराळे. घरात झुरळं झाली म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं आणि तो फवारा घेऊन आला की दारातच त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यावेत, तसलं हे. वर शेजाऱ्यांपाशी रडायचं, काय हो ही झुरळं!

यावर हॅटवाल्याचं उत्तर तयार आहे, आणि या आठवड्यात भल्याभल्यांनी माना डोलावत ते पुढे पाठवलं: फी कसली, ही तर नुकसानभरपाई. डुकरांनी माझं जे खाल्लं ते मी डुकरांवरच वसूल करतो.

वा. मग वही काढू या. मला जमाखर्चाची वही फार प्रिय आहे. माणूस तोंडाने काहीही बोलतो; वहीत खोटं फार दिवस टिकत नाही. नुकसान भरून निघालं की भरपाई थांबते, हा भरपाईचा साधा स्वभाव. आता सांगा, यंदा पीक बरं आलं, डुकरांनी कमी खाल्लं, म्हणून फी उतरवली असं कुठल्या रँचवर झालं? नुकसान जास्त म्हणून दर जास्त, असं दरपत्रक माझ्या तरी पाहण्यात नाही. दर ठरतो तो एका रात्रीत किती डुकरं दिसतील यावर. म्हणजे डुकरं वाढली की उत्पन्न वाढतं, घटली की घटतं. याला जगात कुठेही भागीदारी म्हणतात.

आता खर्चाच्या बाजूला या. तिथे एक मजेशीर नोंद आहे: मका, पोत्यांनी. पेरायला आणलेला नाही. शिकाऱ्याच्या लपणासमोर तीन पायांवर एक पिंप उभं असतं. त्याच्या बुडाशी बॅटरीवर फिरणारी चकती आणि घड्याळ. संध्याकाळी ठरलेल्या वेळी चकती गरगरते आणि चारी दिशांना दाणे उडतात. डुकरांना ती वेळ पाठ होते; चकतीचा आवाज आला की झुडपांतून बाहेर. वर हिरवा दिवा, म्हणजे पाहुण्याला नेम धरायला बरं. थोडक्यात, ज्याने माझा मका खाल्ला त्याला धडा शिकवण्यासाठी मी त्याला विकतचा मका खाऊ घालतो! वेळेवर, पाहुणा येवो न येवो. ज्या रात्री पाहुणा नसतो त्या रात्री डुकरं नुसतीच जेवतात आणि तृप्त मनाने पिल्लं घालायच्या मार्गाला लागतात. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते, ११५ दिवसांत पिल्लं घालते, एका वेताला चार-सहा. सगळं भरपाई मागणाऱ्याच्या खर्चाने. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. इथे डुक्करच दुभतं निघालं आणि लाथांचीही पावती फाडली जाते.

शिवाय पैसे मोजून आलेल्याला हवा असतो सुळेवाला नर, भिंतीवर टांगायला. संख्या वाढवतात माद्या. दर वर्षी साधारण दोन-तृतीयांश डुकरं मारली तरच एकूण संख्या जागच्या जागी राहते. टेक्सासमध्ये शिकार आणि सापळे मिळून जेमतेम तीस टक्क्यांपर्यंत मजल जाते, असं तिथलेच अभ्यासक सांगतात. भरपाईवाल्यांनी हा आकडा कधी व्हिडिओत घातल्याचं दिसलं नाही. गिटारात बसत नसावा.

डुक्कर किफायतशीर झालं की काय होतं हे टेनेसीने भोगलंय. १९९९ मध्ये त्या राज्याने डुकरांना आळा घालायचा म्हणून राज्यभर शिकार खुली केली, कितीही मारा. पुढच्या काळात डुकरं कधी नव्हती इतकी पसरली, तीही जिथे पूर्वी कुणी पाहिली नव्हती अशा, एकमेकांपासून तुटक भागांत. डुकराला मोटार चालवता येत नाही. आपल्या भागातही शिकार व्हावी म्हणून माणसांनीच ती बेकायदा आणून सोडली, असं तिथल्या वन्यजीव खात्यानेच लिहून ठेवलं आहे. २०११ मध्ये त्यांनी डुकराला शिकारीच्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. कॅन्ससने तर २००६ मध्येच कायदा करून डुकरांची हौसेची शिकार बंद केली, आणि मिसुरीच्या संवर्धन खात्याने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर तेच केलं. मारायला मनाई केली म्हणजे या लोकांना डुकरांचा कळवळा आला असं नव्हे. जोवर कुणाला मजा किंवा पैसा मिळतोय तोवर डुक्कर संपत नाही, एवढं त्यांना कळलं.

बाकीच्या सबबी किरकोळ. 'कुणी जखमी झालं तर मला कोर्टात खेचतील': करमणुकीसाठी फुकट येऊ देणाऱ्या जमीनमालकाला टेक्सासचा कायदा उलट संरक्षण देतो. 'माझी जमीन, माझा हक्क': आहेच, नाही कोण म्हणतं? 'लोक फाटक उघडं टाकतात, गुरं रस्त्यावर जातात': हे मात्र खरं, आणि फाटक उघडं टाकणाऱ्या माणसाविषयीचं माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

पैसे घ्या की. आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू द्यायचे पैसे घेण्यात पाप नाही. पण मग दोन्ही डगरींवर पाय नकोत. ज्याच्या खासगी वहीत डुक्कर जमेच्या बाजूला आहे, त्याने सरकारी तिजोरीसमोर तेच डुक्कर नावे टाकून दाखवू नये. २०१८ च्या कृषी विधेयकात अमेरिकी काँग्रेसने डुकरांच्या निर्मूलनासाठी साडेसात कोटी डॉलर ठेवले. तो पैसा लोकांच्या करातून आला, आणि त्यात फाटकावरून परत पाठवलेल्या त्या पोराचाही कर आहे. म्हणजे त्याने एकदा डुक्कर मारायला यायचे पैसे द्यायचे आणि एकदा डुक्कर मारलं जावं म्हणून द्यायचे.

२०१७ ची गंमत आठवते? टेक्सासचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी डुकरांवर वॉरफरिनचं विष वापरायला परवानगी दिली. हेच मिलर आमदार असताना, २०११ मध्ये, हेलिकॉप्टरमधून शिकारीच्या जागा विकायची मुभा देणारं विधेयक घेऊन आले होते. तेव्हा माणूस डुकरांचा मित्र खासच नव्हे. विषाला विरोध करायला ठोस कारणं होती: इतर जनावरं, मेलेलं खाणारे पक्षी, माणसाच्या ताटात जाणारं मांस. ती कारणं मला पटतात. पण सह्यांची मोहीम कुणी काढली? शिकाऱ्यांच्या संघटनेने. कोर्टात कोण गेलं? डुकराच्या मांसाचा धंदा करणारी कंपनी. एप्रिलपर्यंत उत्पादकाने माघार घेतली. ज्या संकटाच्या नावाने राज्य वर्षानुवर्षं गळा काढतंय, ते टळण्याची नुसती शक्यता दिसली तर एवढी माणसं कासावीस झाली!

अर्थात दुखणं जुनं आहे. डुकरं अमेरिकेत गेली ती १५३९ मध्ये, एर्नांदो दे सोतोच्या जहाजांतून, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, शिदोरी म्हणून. पुढे १९३० च्या दशकात टेक्सासच्याच काही रँचवाल्यांनी युरोपातली रानडुकरं शिकारीच्या हौसेने मुद्दाम आणून सोडली, आणि मोकाट गावठी डुकरांशी त्यांची सोयरीक जमली. आजोबांनी हौस केली, नातू तिकीट लावतोय. घराण्याची रीत सुटलेली नाही. आणि खरं सांगायचं तर दुष्काळ पडलाय, निम्मी गुरं विकावी लागलीत, आणि एक माणूस दोन रात्रींसाठी चाऱ्याची ददात मिटेल एवढे पैसे घेऊन दारात उभा आहे; अशा वेळी त्याला 'नको' म्हणणारा रँचवाला मला भेटायला आवडेल. मी काय केलं असतं? माझ्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे माझी नीतिमत्ता शाबूत आहे.

आता आपल्याकडचे उत्साही. विदर्भातही अशीच तिकिटं लावा, शेतकऱ्याला जोडधंदा मिळेल, अशी सूचना आली आहे. आपलं रानडुक्कर इथलंच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं. त्याच्या शिकारीची तिकिटं विकणारा थेट तुरुंगाची वाट धरेल, हे एक. दुसरं, तीन एकरांवर हेलिकॉप्टर फिरवायचं कुठे? आपला शेतकरी शेताभोवती जुन्या साड्या बांधतो, मचाणावर रात्र काढतो, डबे बडवतो, फटाके फोडतो, आणि सकाळी तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक या तिघांना एकाच वेळी एकाच बांधावर आणून पंचनामा करून घेण्याच्या मागे लागतो. डुक्कर त्याला एक रुपया मिळवून देत नाही. म्हणून तो भरपाई मागतो तेव्हा मला वही बघावीशी वाटत नाही. त्याला हॅट घालून व्हिडिओत उभं करू नका. गिटार तर मुळीच लावू नका.

माझा पुतण्या ह्यूस्टनजवळ राहतो. त्याच्या ऑफिसातल्या मंडळींचा असल्याच एका पॅकेजचा बेत शिजतोय आणि 'काका, जाऊ का?' असं त्याने विचारलंय. परवानगी देणारा मी कोण? पण त्याला आणि तिकडच्या तमाम मराठी पुतण्यांना एक सांगून ठेवतो. पैसे भरण्याआधी मालकाला विचारा, तुमच्याकडे सापळा आहे का? मोठा, गोल, जाळीचा वाडा असतो; सगळा कळप आत आलेला कॅमेऱ्यात दिसला की फोनवरून फाटक पाडता येतं, आणि माद्या-पिल्लांसकट सगळी एकदम अडकतात. गोळीने एक-दोन पडतात, उरलेली शहाणी होऊन शेजाऱ्याच्या शेतात जातात. ज्याला डुकरं खरोखर नकोत तो असा सापळा लावतो, नाहीतर कुणाकडून तरी मागून आणतो. आहे म्हणाला तर खुशाल जा आणि सांगेल ती फी द्या. सापळा नाही, पण मक्याची पिंपं सहा आहेत म्हणाला, तर निदान भावात घासाघीस करा.