औटकीचा निरोप

एखादी गोष्ट व्यवहारातून गेली, की तिची माहितीही पुसून टाकावी काय? १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि सोळा आण्यांची पद्धत मागे पडली. १९५८ च्या ऑक्टोबरापासून मेट्रिक वजने येऊ लागली. शेर, मण गेले, आणि त्यांच्या हिशोबासाठी पाठ होणारी पावकी, निमकी, औटकीही शाळेच्या पुस्तकातून हळूहळू निघून गेली. (औट म्हणजे साडेतीन, हे आज किती घरांत ठाऊक असेल?) म्हाताऱ्यांना हळहळ वाटली. मला विचाराल तर ठीकच झाले. जी मापे दुकानात नाहीत ती पोरांच्या माथी मारणे ही त्यांची फसवणूकच; शिकणारा बिचारा पुस्तकात आहे ते बाहेरही आहे असे धरून चालतो.

संगणकवाले याबाबत निर्दय असतात. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली ३८६ या प्रोसेसरवर जन्मली, आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच प्रोसेसरचा आधार तिच्या गाभ्यातून काढून टाकण्यात आला. जन्मघराचाच पत्ता खोडला म्हणायचा! पण पर्याय गेल्यावर त्याची सूचना मागे ठेवली, तर ती वाचून कुणी तरी उगाच रात्र जागवील.

आता रिसोडच्या शेतकऱ्याकडे या. सातबारा हेक्टर-आर बोलतो, हा एकर-गुंठे बोलतो. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, म्हणून निभावते. आण्याचे तसे नाही. आजोबांच्या वाटणीपत्रात ‘चार आणे हिस्सा’ असेल, तर तो सोळांतले चार, म्हणजे चौथाई. नातवाने शंभरांतले चार असे वाचले, तर भावाभावांत दावा उभा! नाणे गेले, पण त्या नाण्यात लिहिलेला हक्क जिवंत आहे. पिकाची आणेवारीसुद्धा सरकारदरबारी पैसेवारी झाली, ती पन्नास पैशांखाली उतरली की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. पारावरच्या गप्पांत मात्र ती अजून आणेवारीच आहे.

तेव्हा ज्या पाटीकडे पाहून माणूस पाऊल उचलतो, तिच्यावरून जुने खुशाल खोडावे. पण खोडलेले रद्दीत घालू नये. वाचनालयाच्या कपाटात ‘१९५७ पूर्वीचे’ एवढे वर लिहून ठेवायला एक फळी पुरते. आणि यंदाच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडाल, तेव्हा पिवळा कागद फेकण्याआधी त्यावर आण्यांत काही लिहिले आहे का, तेवढे पाहा.