दुसरं कोकरू

दिवाळी आटोपली की फलटण, माण, खटावकडचे धनगर वाडा हलवतात आणि कोकणची वाट धरतात. घोड्यांच्या पाठीवर वाघरी म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळ्या, भांडी, पिठाच्या पिशव्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. आणि त्या ओझ्यावर, जाळीत घातलेली दोन-चार दिवसांची कोकरं, नुसती डोकी बाहेर काढलेली. घाट उतरायचं बळ त्यांच्या पायांत अजून आलेलं नसतं. मेंढीपालनाच्या विकासावर बोलायचं तर मला या घोड्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्याच्या पाठीवर जागा मोजकी असते.

दख्खनी मेंढी एका वेताला एक कोकरू देते. जुळं क्वचित. धनगराचं उत्पन्न आज मुख्यतः कोकरं विकण्यातून येतं. शेतात कळप बसवल्याचं धान्य किंवा पैसे ही त्याला जोड. गायरानं आटली, पडीक रानं नांगराखाली गेली. शंभराच्या दोनशे मेंढ्या करायच्या तर त्यांना चारायचं कुठे? तेव्हा आहेत तेवढ्याच मेंढ्यांपासून जास्त कोकरं मिळाली तर मिळकत वाढेल, हा हिशेब कुणालाही कळतो. पण जुळ्यातलं दुसरं कोकरू बहुधा हडकुळं असतं, आईला दूध एकापुरतं असतं आणि उद्या पहाटे वाडा पुढच्या मुक्कामाला निघणार असतो. म्हणून या धंद्यात पुढारपण कुणी केलं हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो. त्याने जन्मलेली कोकरं मोजली, की दूध तुटेपर्यंत जगलेली?

या दुसऱ्या कोकराच्या गोष्टीचं एक टोक ऑस्ट्रेलियात आहे. हेलन न्यूटन टर्नर १९३० साली सिडनीत वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा मंदीची लाट होती आणि बांधकामं बंद पडली होती. १९३१मध्ये त्या सरकारी पशुसंशोधन प्रयोगशाळेत इयन क्लूनीज रॉस यांच्या सचिव म्हणून कामाला लागल्या. तिथे त्यांची आकड्यांशी गाठ पडली. पुढे इंग्लंडला जाऊन त्या रोनाल्ड फिशर यांच्याकडे संख्याशास्त्र शिकल्या आणि १९५६ साली त्याच सरकारी संशोधन संस्थेत पशुपैदास विभागाच्या प्रमुख झाल्या. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचे मातब्बर पैदासकार त्या काळी मेंढा निवडत ते डोळ्यांनी आणि हाताच्या स्पर्शाने. टर्नर म्हणत, लोकर तोला, वही ठेवा, मग निवडा. पिढ्यान्‌पिढ्या नजरेवर विसंबलेल्या लोकांना हे रुचणं कठीणच होतं. पण त्या मागे हटल्या नाहीत.

कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर सीयर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्यांचा वेगळा कळप सांभाळत होते. त्यांनी १९५८ साली एक मेंढा संस्थेला भेट दिला. एका वेतात जन्मलेल्या पाच कोकरांपैकी तो एक. टर्नर यांनी त्याच्यापासून पैदास सुरू केली, नोंदी ठेवल्या. १९८०च्या सुमारास त्या नोंदींतून एक नवल पुढे आलं. ही जुळ्यांची देणगी अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांची बेरीज नव्हती, तिच्यामागे एकच ठळक जनुक होतं. २००१मध्ये त्या जनुकातला नेमका बदल हाती लागला. पाठोपाठ कळलं की तोच बदल बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीत आहे. कलकत्त्याहून १७९२ आणि १७९३ साली जहाजांतून सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात ज्याचा एवढा गाजावाजा झाला, ते आपल्याकडच्या खाडीकाठच्या चिखलातून गेलेलं होतं.

गॅरोल दिसायला अगदी किरकोळ. पूर्ण वाढलेली मेंढी बारा-चौदा किलोच्या आसपास. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि सहज दोन-तीन कोकरं देते. तिला सांभाळणारी माणसं भूमिहीन, नाहीतर चार गुंठ्यांचे धनी. सीयर्स बंधूंचं नाव ग्रंथांत आहे, टर्नर यांच्या नावाने ऑस्ट्रेलियात पदक दिलं जातं. ज्या घरांनी ही मेंढी शतकानुशतकं जपली, त्यांतल्या एकाचंही नाव कुठे नाही. मला हे लागतं.

दुसरं टोक फलटणला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली.  संस्थेने १९९०च्या दशकात सुंदरबनातून गॅरोल आणली, आणि पशुसंवर्धनाची धुरा बनबिहारींच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी सांभाळली. गॅरोलचा दख्खनीशी नुसता संकर केला तर जुळी मिळतात, पण अंग खुजं होतं आणि दूधही तुटपुंजं. म्हणून संकरातून झालेल्या माद्या पुन्हा लोणंदकडच्या दख्खनी मेंढ्यांशी फळवायच्या, परत फळवायच्या. प्रत्येक पिढीत गॅरोलचं रक्त उतरत जातं आणि ते एक जनुक तेवढं धरून ठेवायचं. ते कोणत्या कोकरात आलं हे वरून दिसत नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जाई. ऑस्ट्रेलिया सरकारच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने या कामाला १९९८पासून साथ दिली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी जिथे ते जनुक गेलं, तिथलीच माणसं आता ते दख्खनमध्ये रुजवायला हात लावत होती. दूध वाढावं म्हणून इस्रायलची अवासी जातही थोडी मिसळली. यातून उभी राहिलेली मेंढी ‘नारी सुवर्णा’. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या मेळातून ‘अविशान’ घडवली.

मला या कामातला खरा निर्णय वेगळाच वाटतो. मेंढ्या फार्मच्या कुंपणात ठेवून आकडे छापता आले असते. फलटणच्या मंडळींनी त्या धनगरांच्या कळपांत सोडल्या आणि नोंदी तिथे घेतल्या: किती झाली, किती जगली, कोणत्या आईने दोन्ही पाजली. तिळी फार नकोत हेही अशा नोंदींतूनच उमगतं. जनुकाची एक प्रत असली की बऱ्याच वेतांत दोन कोकरं. तिथेच थांबलेलं बरं. आणि ती दोन जगवायची तर गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात मेंढीला जादा खुराक लागतो, लसी वेळेवर लागतात, अशक्त कोकराला बाटलीने पाजणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी बहुतेक वाड्यांवर बाई असते. जनुक देणाऱ्याने तिचे हात किती कामांत गुंतले आहेत हे पाहिलं नाही, तर दुसरं कोकरू तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं होऊन बसेल.

याच्या उलट उदाहरण लोकरीचं. लोकर मऊ व्हावी म्हणून मेरिनो, रॅम्बुले या परदेशी जातींचं रक्त दख्खनीत घालण्याचे प्रयोग महाराष्ट्रातही झाले. ऊन, तोकडा चारा आणि लांबची चाल यांत वाड्यांवर त्यांनी मूळ धरलं नाही. दुसरीकडे सांगलीच्या जत तालुक्यात, माडग्याळच्या परिसरात, धनगरांनी स्वतःच्या पारखीने उंच, लांब पायांची, पोपटनाकी मेंढी घडवली. तिच्या अंगावर लोकर अगदी कमी. ही निवड मी एक निवाडा म्हणून वाचतो: बाजाराने लोकरीला दिलेली किंमत धनगरांनी मेंढीच्या अंगावर लिहून दाखवली.

किंमत खरोखरच उरलेली नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. पूर्वी कातरणारा लोकर घेऊन जाई आणि वर मोबदला देई. आता कातरणीची मजुरी धनगराच्या खिशातून जाते आणि लोकर बांधाला पडून राहते. तिचा धागा मेरिनोच्या दुप्पट किंवा त्याहून जाड, केसाळ, बहुधा काळा. स्वेटरला निरुपयोगी. घोंगडीला मात्र हाच धागा हवा. चिंचोक्याची खळ बसलेली, सनगराच्या म्हणजे लोकर विणणाऱ्याच्या मागावरची घोंगडी पावसाची सर अंगावर घेते आणि थंडीत राखते. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ वेगळं काढतात, त्याची घोंगडी मऊ. एवढी पारख गावोगाव होती. लष्कराच्या कांबळ्यांची मागणी हटली, कृत्रिम धाग्याची स्वस्त ब्लँकेटं आली, मागाचे खड्डे बुजले.

दख्खनी लोकरीला अजून तिची टर्नर भेटलेली नाही, असं मला वाटतं. धागा बारीक कसा करायचा हाच प्रश्न तिला विचारला गेला. ती आहे तशी कुठे लागते, कोणत्या कोकराचं जावळ चांगलं, कोणत्या रानातली लोकर काटेकुसळांनी कमी भरते, हे वाड्यावर बसून तोलून, सनगराला शेजारी घेऊन लिहायला हवं. पावसाळा सरला की कातरणी येते. त्या दिवशी सगळा कळप एका जागी असतो, कात्र्या चालू असतात, माणसं बोलायला मोकळी असतात. तिथे तराजू आणि वही घेऊन गेलेल्याला धनगर परत पाठवणार नाही.