घराचा खर्डा

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात दोन कागद तयार होतात. एक नकाशा, तो आर्किटेक्टकडून येतो, बैठकीच्या खोलीत मेजावर पसरला जातो आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखविला जातो. दुसरे अंदाजपत्रक, ते घरचा कर्ता पुरुष रात्री सगळे निजल्यावर वहीच्या मागच्या पानावर मांडतो आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही. पहिल्या कागदावर कुटुंबाची हौस असते, दुसऱ्यावर त्याची ऐपत. आणि हे दोन्ही कागद एकमेकांसमोर क्वचितच येत असल्यामुळे हौसेला ऐपतीचा पत्ता लागतो तो जोते वर आल्यानंतर, म्हणजे मागे फिरण्याची वाट बंद झाल्यावर. वस्तुतः हे दोन कागद मुळात एकच आहेत. नकाशात जे लांबीरुंदीने लिहिलेले असते तेच अंदाजपत्रकात रुपयांनी लिहिलेले असते, आणि दोहोंच्याही तळाशी, कोणी उच्चारीत नसले तरी, या घरात कोणाचा मान किती याची नोंद असते.

जुन्या घरांच्या बाबतीत हा प्रश्न इतका उघडा पडत नसे. आपले पूर्वज आपल्याहून अधिक विवेकी होते असे मानण्यास आधार नाही. त्यांच्या वतीने लाकूड विवेक करीत असे एवढेच. वाड्याचे मोजमाप खणांत होई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि ते अंतर केवढे असावे हे तुळई किती लांबीची मिळते व किती भार सोसते यावर ठरे. त्यामुळे पुण्याच्या वाड्यातील माजघर काय किंवा कोकणातील घराची पडवी काय, धन्याच्या मनात आले म्हणून वाटेल तितकी रुंद होत नसे. वैभव वाढले तर खण वाढत, चौक वाढत, मजले चढत, परंतु एकेक खण आपल्या मापातच राही. लोखंड आणि सिमेंट यांनी ही अडचण दूर केली. आता अठरा फुटी खोली मधल्या खांबावाचून सहज पेलते, आणि खोली केवढी असावी याविषयी सामानाकडून कसलीच हरकत निघत नाही. हरकत उरली ती फक्त थैलीची; आणि तुळईची हरकत आरंभीच येई, तशी थैलीची येत नाही, ती शेवटी येते.

देवडी, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसू या क्रमाने आत जाणाऱ्या त्या रचनेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. बाळंतिणीची खोली अंधारी असे, चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत जाई, आणि चौकाच्या कोनाकोपऱ्यांत पावसाळाभर ओल राही. तरीही तिच्यात एक सचोटी होती: परक्याने कोठवर यावे, सोयऱ्याने कोठवर यावे, हे ती लपवीत नसे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या काठच्या पेठांतील कित्येक वाडे पडले, आणि ज्या कुटुंबांना आजवर नकाशा वारशानेच मिळालेला होता त्यांच्यापैकी अनेकांना, आपण कसे राहतो आणि कसे राहू इच्छितो, हे प्रथमच कागदावर मांडण्याची पाळी आली.

या कागदावर आपण काय मांडतो ते पाहावे. सर्वांत मोठी, सर्वांत उजेडाची, रस्त्याकडची खोली ही बैठकीची. म्हणजे जो पाहुणा महिन्यातून एकदा येणार, तासभर बसणार आणि चहा घेऊन जाणार त्याची. सर्वांत लहान, बहुधा पश्चिमेच्या उन्हात तापणारी खोली ही स्वयंपाकघर. म्हणजे जी बाई पहाटेच्या चहापासून रात्रीच्या विरजणापर्यंत तेथे उभी राहणार तिची. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि जेवणाची जागा निराळी असल्यास स्वयंपाकघराचे ५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ५४ चौरस फूट, असे धरलेले आहे. संहितेने सांगितले ते किमान. आपण मात्र स्वयंपाकघरापुरते त्यालाच कमाल समजून चालतो. पुढे अंदाजपत्रकाचा आकडा फुगला आणि कोठेतरी काटछाट करणे भाग पडले, की कात्री प्रथम कोठे लागते? कोठीच्या खोलीला, मागच्या मोरीला, भांडी घासण्याच्या जागेला. बैठकीची खोली एका इंचानेही आक्रसत नाही. काटछाट ही किफायतीची बाब आहे असे आपण समजतो, परंतु ज्याचा आवाज घरात लहान त्याची जागा प्रथम जाते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने कोणत्याही घराच्या नकाशाचे पहिले आणि शेवटचे खर्डे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मापांच्या बाबतीत तर सुशिक्षित माणसेही विलक्षण भोळी असतात. दहा फूट बाय बारा फूट म्हणजे १२० चौरस फूट, हा हिशेब सर्वांना येतो; परंतु त्या खोलीभोवती नऊ इंची भिंत असते आणि बाहेरून मोजल्यास तीच खोली साडेअकरा बाय साडेतेरा, म्हणजे १५५ चौरस फूट भरते, हे ध्यानी राहत नाही. शेजारच्या खोलीशी भिंत सामाईक असली म्हणजे हा भार वाटला जातो हे खरे, परंतु भिंतींची जागा शून्य धरणारे अंदाजपत्रक शेवटी खोटे ठरावयाचेच. आतील गोष्टही तशीच. दहा फुटी खोलीत साडेसहा फुटी पलंग भिंतीला डोके लावून ठेवला की पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तेथे दोन फूट खोलीचे कपाट उभे केले की राहतो दीड फूट, आणि कपाटाचे दार उघडावयाचे म्हणजे माणसाने पलंगावर बसावयाचे. रिकाम्या खोल्यांचा नकाशा म्हणूनच फसवा असतो. पलंग, कपाट, गहू साठविण्याचे पिंप, शिलाईचे यंत्र, म्हातारपणी लागणारी खुर्ची, हे सर्व त्याच मापाने कागदावर उतरविल्याखेरीज नकाशाला नकाशा म्हणू नये.

परंतु खरा घात होतो तो आखणीच्या दिवशी. गवंडी खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो, चुन्याची फक्की टाकतो, आणि नारळ फोडण्यासाठी जमलेली सारी मंडळी त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभी राहतात. उघड्या आभाळाखाली आखलेली कोणतीही खोली लहानच दिसते. भिंती आणि छत आल्यावर तीच पुरेशी वाटू लागते, हे गवंड्याला ठाऊक असते, पण त्याला कोणी विचारीत नाही. मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, “एवढ्यात काय मावणार? फूटभर वाढवा.” फूटभर हा शब्द ऐकण्यास किती निरुपद्रवी! तीस फूट लांबीच्या घराची रुंदी एका फुटाने वाढली म्हणजे ३० चौरस फूट वाढले, दोन मजले असल्यास ६०. आणि त्या साठ फुटांना पाया हवा, स्लॅब हवा, गिलावा, फरशी, रंग हवा, शिवाय मंजूर नकाशाशी आता त्यांचा मेळ नसल्यामुळे पालिकेच्या दफ्तरात खेटे घालणेही आले. ज्या कुटुंबाने विटेच्या दरावरून मक्तेदाराशी आठवडाभर घासाघीस केली तेच कुटुंब हा फूट एका उद्गारात देऊन टाकते.

आकडा आधी ठरवून मग घर बांधण्याचे उदाहरण आपल्याकडे नाही असे नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९३६ साली गांधीजींसाठी पहिले घर बांधावयाचे झाले तेव्हा त्यांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे: सामान भोवतालचेच असावे आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. खर्च त्या मर्यादेत राहिला नाही. मला यात नवल वाटत नाही; आकडा ठरविणारा एक आणि प्रेमाने घर बांधणारे दुसरे, अशी स्थिती असली म्हणजे महात्म्याचेही अंदाजपत्रक कोलमडते. म्हणूनच कर्त्या पुरुषाने रात्रीच्या वहीत गुप्तपणे मांडलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. तो साऱ्या घराला माहीत असला तरच तो आकडा, एरवी ती केवळ एकट्याची चिंता.

पैसा कोठे वाचवावा याविषयी मात्र फारसा वाद नसावा. रंग, कुंपण, कपाटे, गच्चीवरील खोली हे सर्व पुढच्या दिवाळीला किंवा त्याच्या पुढच्या दिवाळीला करता येते. जे जमिनीत किंवा भिंतीत झाकले जाणार ते पुन्हा करता येत नाही. काळ्या मातीच्या मुलखात हे विशेष. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पाया घातल्यास त्याच भेगा भिंतीत चढतात; तेव्हा मुरूम लागेपर्यंत खणणे प्राप्त, आणि तो किती खाली लागेल हे खड्डा घेऊन पाहिल्यावाचून कळत नाही. असा खड्डा न घेताच केलेले अंदाजपत्रक हे केवळ अनुमान होय. कोकणात याची उलट बाजू दिसते. तेथे पाया जांभ्याचा आणि निश्चिंत, परंतु कौले काढून सपाट स्लॅब घालण्याची शहरी हौस आली, स्लॅब गळू लागला, आणि आता गावोगावी त्या स्लॅबवर लोखंडी सांगाड्याचे पत्रे चढलेले दिसतात. छपराचा खर्च दोनदा झाला तो असा.

एक बाब राहिली, ती जिन्याची. दुमजली घराचा जिना आतून असावा की बाहेरून, यावर बहुतेक घरांत बराच खल होतो. वडील बाहेरून म्हणतात आणि कारण भाडेकरूचे सांगतात. वस्तुतः १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या अनुभवाने धास्तावलेल्या त्या पिढीला भाडेकरू नकोच असे. मनात असतात ते दोन मुलगे, दोन सुना आणि उद्याची वाटणी, परंतु वास्तूचा मुहूर्त निघण्यापूर्वी वाटणीचा उच्चार अशुभ. मला वाटते, तो उच्चार केलेला बरा. बाहेरचा जिना आज थोड्या खर्चात होतो. भिंत फोडून मागाहून काढलेला जिना पैशालाही जड जातो आणि मनालाही.

तेव्हा ज्यांचा नकाशा अद्याप मेजावर आहे त्यांना एवढीच विनंती, की सही करण्यापूर्वी तो कागद एकदा स्वयंपाकघरात न्यावा, ओट्याची उंची आणि मोरीची जागा, जिला तेथे उभे राहावयाचे आहे तिच्याकडून तिच्याच हाताने लिहवून घ्यावी, आणि वहीचे ते मागचे पानही त्याच वेळी तिच्यापुढे उघडे ठेवावे.