पाळ कोणी बांधली?

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास विचारा. उत्तर बहुधा मालगुजाराच्या नावाने सुरू होते. वाडा कोणाचा, देऊळ कोणी बांधले, तलाव कोणी खोदला, या तिन्ही प्रश्नांना एकच घराणे पुरते. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप सापडले. ते भाग्य प्रत्येक गावाचे नाही. बहुतेक गावांकडे जुने म्हणावे असे एकच असते, ते म्हणजे तलाव.

गोंड राजवटीत कोहळी शेतकऱ्यांनी या भागात तलाव बांधण्याची विद्या वाढवली. जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचे, पुराचे पाणी निघून जायला सांडवा काढायचा. पावसाने ओढ दिली तरी पऱ्हे जगावेत, रोवणी व्हावी, एवढी सोय त्यातून झाली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पण पाळीवर माती टाकणाऱ्या बायाबापड्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. कागद झाला तो मालकीचा.

इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमीनबंदोबस्त सुरू केला आणि मालगुजाराला गावाची मालकी दिली. त्याच व्यवस्थेत ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंदही होती. गावातले रिवाज आणि हक्क तिच्यात लिहिले जात. म्हणजे मालकी एकाची असली तरी पाण्यावर इतरांचाही अधिकार चालतो, हे सरकारदप्तराला मान्य होते. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० साली मध्य प्रदेशात झाला आणि १९५१ पासून अमलात आला; भंडारा तेव्हा त्याच राज्यात होता. तलाव सरकारचे झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मालकी बदलली, ते योग्यच झाले. पण दरवर्षी गाळ कोण काढणार आणि पाळ कोण बुजवणार, याची जुनी रीत मोडली आणि नवी नीट बसली नाही. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, काठावर बेशरमाची झुडपे माजली. मरळ, शिंगूर पकडून जगणाऱ्या ढिवरांना त्याची झळ सर्वांत आधी लागली, कारण त्यांची शेती म्हणजे ते पाणीच.

पण म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्या व्यवस्थेत कष्ट सगळ्यांचे होते, मान थोड्यांचा. गाव म्हणजे एक कुटुंब, असे सहज बोलले जाते. पण याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. हेही गावाच्या इतिहासाचे पान आहे आणि ते फाडून टाकता येत नाही.

कष्टकऱ्यांना इतिहासातून वगळण्याचा हा दोष आपल्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियात अगदी छोट्या वस्तीतही महायुद्धात मेलेल्यांची नावे कोरलेला स्तंभ आढळतो. मात्र न्यू साउथ वेल्समधल्या ब्रेवॉरिना गावी, बारवॉन नदीत आदिवासींनी दगड रचून केलेल्या प्राचीन मासेपकड बांधांचे दगड गोऱ्या वसाहतकारांनी खुशाल उचलून नेले. त्या बांधांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळायला २००५ साल उजाडले. ज्याच्या हाती दप्तर, त्याचा इतिहास आधी लिहिला जातो. ही रीत तिथली तशीच इथली.

ती मोडायला मोठा निधी लागत नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, ग्रामसभा गावोगावी आहे. ग्रामसभेने आपल्या तलावाची वही सुरू करावी. पाणी कोणत्या बांध्यांना जाते, मासेमारी कोणाची, गुरे कुठे पाण्यावर येतात, गाळ शेवटचा कधी निघाला आणि काढणारे हात कोणाचे होते, हे तिच्यात लिहावे. म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः ढिवर आणि शेतमजूर घरांतल्या बायांना, आधी विचारावे. मालगुजाराचे नाव त्यातही येईल, येऊ द्यावे. फक्त ते यादीतले एक नाव असावे, अख्खी यादी नव्हे.