चार इंच

माणसाला जागा लागते तरी किती, असा प्रश्न टॉलस्टॉयने १८८६ साली एका गोष्टीत विचारला आणि शेवटी सहा फूट असं उत्तर काढलं. विमान कंपन्यांनी हा हिशेब पुढे नेला. माणूस जिवंत असेल तर एकोणतीस-तीस इंच पुरेत, असं त्यांचं मत पडलं.

बरं, हे इंचही सगळे आपले नसतात. आपल्या सीटचा एखादा बिंदू धरायचा, पुढच्या सीटचा नेमका तोच बिंदू धरायचा. मधलं अंतर म्हणजे 'पिच'. त्यात सीटच्या पाठीची जाडी आलीच. ती वजा जाता गुडघ्यांच्या वाट्याला उरतं ते, सगळी कपात होऊन पगार हातात पडतो, तसं. आणि तेवढ्यात पुढचा माणूस हाताशी असलेलं बटण दाबतो आणि चार इंच मागे येतो. आता तुम्हीच सांगा, हे चार इंच कोणाचे? त्याचे, की माझे?

आम्ही एसटीच्या संस्कारांतली माणसं. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण तो न मानणारा मी अजून पाहिलेला नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो, आणि कपाळाला आठ्या घालत का होईना, तिघं सरकतात. चौथ्याला अर्धीच सीट मिळते, पण मिळते. विमानात मात्र 'जरा सरकून घ्या' म्हणायची सोय नाही. एक तर समोर तोंड नसतं, डोक्याची मागची बाजू असते. आणि दुसरं म्हणजे विमानात बसल्यावर माणूस उगाचच इंग्रजी होतो.

माझी ही अडचण आमच्या न्यू जर्सीच्या भाच्याने ओळखली. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने मानेला लावायची उशी, बॅगेचं वजन करायचा हातातला काटा आणि एक छोटी पुडी आणली. पुडीत प्लॅस्टिकचे दोन तुकडे. "मामा, हे तुझ्या गुडघ्यांसाठी. समोरचा ट्रे उघडायचा, त्याच्या दांड्यांना हे अडकवायचं. पुढचा माणूस मागे येऊच शकत नाही."

या वस्तूला इतिहास आहे. 'नी डिफेंडर' या नावाने ती २००३ पासून अमेरिकेत विकली जात होती. ऑगस्ट २०१४ मध्ये भाच्याच्याच गावाजवळच्या नेवार्क विमानतळावरून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका गृहस्थांनी ती लावली. पुढच्या बाईंना मागे टेकता येईना. बाचाबाची झाली, बाईंनी गृहस्थांच्या अंगावर पाणी फेकलं, आणि अख्खं विमान वाट वाकडी करून शिकागोला उतरवावं लागलं. दोघांनाही तिथे उतरवलं. गंमत म्हणजे दोघंही पायांना जास्त जागा असलेल्या, वर पैसे मोजाव्या लागणाऱ्या भागात बसलेले होते! अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांनी या वस्तूला बंदी केलेली आहे. भाच्याने हे मला सांगितलं नाही.

त्या भांडणानंतर तिकडे विद्वान कामाला लागले. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा रोनाल्ड कोसचा प्रश्न. १९६० च्या लेखात त्यांनी शेजाऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचा दाखला घेतला होता: हक्क कोणाचाही ठरवा, व्यवहाराला खर्च येत नसेल तर दोघं आपसात सौदा करतील आणि ज्याला जास्त गरज आहे त्याच्याकडे वस्तू जाईल. १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं. मग कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी लोकांना विचारून पाहिलं. टेकण्याचा हक्क पुढच्याचा असेल तर तो सोडायला पुढचे सरासरी ४१ डॉलर मागत. मागचे १८ देऊ करत. हक्क मागच्याचा केला, तर मागचे ३९ मागू लागले आणि पुढचे १२ वर आले. म्हणजे चार इंच तेच, पण ज्याच्या हातात त्याला ते सोन्याचे. मात्र पैशांऐवजी एखादं पेय किंवा खाऊ देऊ केला, तर बहुतेक लोक फुकटात टेकायचं सोडायला तयार झाले.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी जे केलं ते सांगतो.

बँकेच्या प्रवास-सवलतीत पदरचे घालून आम्ही पुण्याहून कोलकात्याला निघालो होतो. विमान वर गेलं, ट्रे उघडायची मुभा मिळाली, आणि मी इकडेतिकडे बघत ते दोन तुकडे अडकवले. सौ. झोपली होती. थोड्या वेळाने पुढच्या सीटला एक हिसका बसला. मग दुसरा. पुढे साठीचे एक गृहस्थ होते. त्यांनी बटण दाबून पाहिलं, पाठीने रेटून पाहिलं. हवाई सुंदरी आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "सीट बिघडलेली दिसते. असू द्या, दोन तासांचा तर प्रश्न आहे." ती मागे बघायला वाकणार, तर ते म्हणाले, "नको, मागच्यांना कशाला त्रास?"

मागचे म्हणजे मी.

दोन तास मी ऐसपैस बसलो. इतकं अवघडून मी आयुष्यात कधी बसलेलो नाही. उतरताना ते सीटला धरून हळूहळू उठले, तेव्हा शर्टाखालचा कमरेचा पट्टा दिसला. माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा वरची बॅग काढून देता? मला वाकायला-उचलायला मनाई आहे." किती सहज विचारलं! मी बॅग काढून दिली. "फार उपकार झाले," ते म्हणाले.

माझ्या बाजूने सांगायचं तर, त्यांना काही कळलंच नाही. राग नाही, भांडण नाही, विमानही वेळेवर कोलकात्यालाच उतरलं. पण काउंटरवर संध्याकाळी कॅश जास्त निघाली तर 'मालकाला कळलेलं नाही' म्हणून ती खिशात घालता येत नाही. मालक सापडेपर्यंत सस्पेन्सला टाकावी लागते. वीस वर्षं मी तेच करतो आहे. हे चार इंच कुठे टाकू?

हॉटेलवर सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, 'जरा बेतानं टेका' एवढंच तर म्हणायचं होतं! त्याला अमेरिकेहून सामान कशाला मागवायला हवं?" कोसच्या लेखातला व्यवहाराचा खर्च म्हणजे काय, ते बी.कॉम.ला कळलं नव्हतं, तेव्हा कळलं. माझ्या बाबतीत तो खर्च म्हणजे तोंड उघडायची लाज.

परतीच्या विमानात पुडी बॅगेच्या तळाशी ठेवली. पुढे एक तरुण मुलगा होता, बाहेरचा आवाज बंद करणारे मोठे हेडफोन लावून. सीट धाडकन मागे आली. मी दोन चहा मागवले, मग धीर करून त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने हेडफोन काढून "काय काका?" म्हटलं. म्हटलं, "सीट थोडी पुढे घेतोस? गुडघे अडकतात. आणि चहा घे."

त्याने माझ्याकडे, चहाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. सीट अर्धी पुढे घेतली. चहा नको म्हणाला. घरी बहुधा अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही असं शिकवलेलं असावं. तो चहा सौ.ने घेतला आणि पाण्यासारखा आहे म्हणाली.